शब्दचर्चा : ‘चुंबकीय आकारस्मृती’मधली ‘स्मृती’

प्रश्न : निकेल-टायटॅनियमचा नायटिनॉल आणि निकेल-मँगनीज-गॅलियमचा मिश्रधातू या दोहोंना मराठी लेखनात सरसकट ‘स्मृतिधातू’ म्हटलेले आढळते. दुसऱ्याच्या बाबतीत फक्त ‘चुंबकीय’ हे विशेषण जोडले जाते. हा वापर योग्य आहे का?

उत्तर : नायटिनॉलपुरता तो चोख आहे. वाकवलेली तार तापवली की मार्टेन्साइटचे (थंड अवस्थेतील स्फटिकरचनेचे) ऑस्टेनाइट (तापलेल्या अवस्थेतील रचना) होते आणि तार मूळ आकारावर येते; म्हणजे ‘आठवण’ खरोखरच आहे आणि ती उष्णतेने जागी होते. निकेल-मँगनीज-गॅलियमच्या एकस्फटिकात (सलग एकाच स्फटिकाच्या तुकड्यात) चुंबकीय क्षेत्र लावल्यावर मात्र असे रूपांतर होतच नाही. स्फटिक आधीपासून मार्टेन्साइट असतो व मार्टेन्साइटच राहतो. त्यात एकाच रचनेचे पण वेगवेगळ्या दिशांना वळलेले जुळे पट्टे असतात, आणि ज्या पट्ट्यातील स्फटिकरचनेचा आखूड अक्ष क्षेत्राच्या दिशेत आहे तो शेजारच्या पट्ट्याला गिळत वाढतो, कारण या धातूचे चुंबकन त्या अक्षावर सर्वांत सहज होते. आखूड अक्ष लांब अक्षाहून सुमारे 6 टक्के लहान असतो, म्हणून 20 मिलिमीटरची कांडी लांबीला आडव्या क्षेत्रात जास्तीत जास्त 1.2 मिलिमीटर लांबते.

क्षेत्र काढल्यावर कांडी लांबलेलीच राहते, हे माझ्या मते निर्णायक आहे. तिला परत आणायला लांबीच्या दिशेने क्षेत्र लावावे लागते किंवा स्प्रिंगने दाबावे लागते, आणि अ‍ॅक्च्युएटरमध्ये (हालचाल घडवणाऱ्या उपकरणात) बहुधा स्प्रिंगच असते. जी वस्तू आपणहून परतत नाही तिला ‘स्मृती’ बहाल करणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे. मी ‘क्षेत्रजन्य आकारपालट’ असे लिहितो.

पुरवणी : मुद्दा पटला. त्याबरोबर ‘चुंबक धातूला ओढतो’ ही वाक्यरचनाही टाळावी, कारण क्षेत्र सर्वत्र सारखे असले तरी आकार बदलतो. कारण ओढीत नसून दिशेच्या पसंतीत आहे. ही पसंती मर्यादित असल्याने क्षेत्र साधारण 0.7 टेस्लापलीकडे वाढवून बळ वाढत नाही आणि चुंबकीय ताण 3 मेगापास्कलच्या आसपास थांबतो. स्प्रिंग त्याहून कडक बसवली तर कांडी हलणारच नाही. टर्फेनॉल-डी या मिश्रधातूच्या ‘चुंबकाकुंचना’शीही (चुंबकीय क्षेत्रामुळे लांबीत होणाऱ्या सूक्ष्म बदलाशीही) याची गल्लत होऊ नये; तेथील बदल 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो आणि तेथे जुळे पट्टे सरकत नाहीत.

उत्तर : दुरुस्ती मान्य. तापमानाचेही असेच आहे : हा धातू तापून ऑस्टेनाइट झाला की जुळे पट्टे नाहीसे होतात आणि क्षेत्राने होणारी हालचाल थांबते. जी उष्णता नायटिनॉलला चालवते, तीच याला थांबवते. तरीही ‘चुंबकीय आकारस्मृती’ हे नाव आता रूढ असल्याने शीर्षकात ते ठेवावे आणि पहिल्याच परिच्छेदात प्रक्रिया उलगडून सांगावी.