प्रतिसाद : धुराडे नसलेले शेतघर

वरच्या चर्चेत जुन्या इंग्रजी शेतघराला मुळापासूनच धुराडे आणि पूर्ण वरचा मजला असे, असे गृहीत धरलेले दिसते. केंट परगण्यातील 'बे-लीफ' हे घर पाहिले की हा समज टिकत नाही. मुख्यतः पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या ओकच्या सांगाड्याच्या घरात मधला दिवाणखाना जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा असून, चूल जमिनीवरच पेटत असे आणि धूर कौलांच्या फटींतून वाट काढी. त्यामुळे तेथील वासे काजळीने काळे पडले आहेत. दोन्ही टोकांना मात्र माडी आहे आणि ती दर्शनी बाजूस खालच्या भिंतीपुढे आलेली आहे. साहजिकच मधला भाग खोलगट दिसतो आणि तेथे पुढे आलेली वळचण वक्र लाकडांनी तोलून धरली आहे. भिंती कुडाच्या, मातीने लिंपलेल्या. खिडक्यांना काच नाही, फक्त उभे लाकडी गज आणि आतून झडपा. (थंडीत दार-खिडक्या लावल्यावर आत काय होत असेल, ते ज्याने चुलीचा धूर सोसला आहे त्यालाच कळेल.)

जागा धरणाच्या जलाशयाखाली जाणार असल्यामुळे हे घर उतरवून ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयात पुन्हा उभारले गेले. सांधे खाचा आणि लाकडी खुंट्यांचे असल्यामुळेच ते शक्य झाले. पुनर्बांधणीत सोळाव्या शतकाच्या आरंभीचे रूप देण्यात आले. त्यानंतरच्या काळात घरात झालेली भर अशी गाळणे मला मात्र पूर्णपणे पटत नाही.