प्रोबेटचं सायटेशन आलंय, मृत्युपत्राला हरकत कशी घ्यायची?

प्रश्न:
वडिलांनी मृत्युपत्रात दादरचा फ्लॅट एकट्या धाकट्या भावाच्या नावे केलाय. त्याने मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्यावर न्यायालयाची मोहोर मिळवण्याचा) अर्ज केला असून मला परवा सायटेशन, म्हणजे त्या अर्जाची न्यायालयाची नोटीस, मिळालं. संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर सही कर म्हणून तो मागे लागलाय. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, पण त्याच महिन्यात वडील रुग्णालयात होते. शिवाय फ्लॅट आजोबांच्या पैशातून घेतलेला. हे सगळं हरकतीत मांडायचं का?

प्रतिसाद १:
सही अजिबात करू नका. सायटेशन हाती पडल्यापासून १४ दिवसांत कॅव्हेट (हरकतीची लेखी सूचना) आणि ते दाखल केल्यापासून ८ दिवसांत त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ चं ९० दिवसांचं कॅव्हेट वेगळं, ते इथे चालत नाही. उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडच्या (थेट तिथेच दाखल होणारी प्रकरणं ऐकणाऱ्या विभागाच्या) नियमांतला नमुनाच वापरा.

प्रतिज्ञापत्र दाखल झालं की अर्जाचा दावा होतो. भावाचा अर्ज म्हणजे वादपत्र, तुमचं प्रतिज्ञापत्र म्हणजे कैफियत, त्याला दिलेलं लेखी उत्तर. म्हणून ‘मृत्युपत्र खोटं आहे’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. सही अमान्य, मनःस्थिती ठीक नव्हती, दबाव होता, यातलं जे असेल ते तपशिलासह लिहा. मुलगी म्हणून तुम्ही वारस आहात, तेव्हा हरकतीच्या हक्काचा प्रश्न नाही.

प्रतिसाद २:
आजोबांच्या पैशाचा मुद्दा मात्र यात आणू नका. प्रोबेटचं न्यायालय मृत्युपत्र खरं की नाही एवढंच बघतं, मालकी ठरवत नाही. उलट ‘फ्लॅट वडिलांचा नव्हताच’ हाच हरकतीचा पाया केलात, तर समोरचा वकील नेमकं तेच धरून बसेल. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो.

प्रतिसाद ३:
रुग्णालयाला आजच लेखी अर्ज द्या. इनडोअर केस पेपर (दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी) ३ वर्षंच जपून ठेवायचं बंधन असतं. मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. परिचारिकांच्या रोजच्या नोंदींत ‘गोंधळलेले’, ‘प्रतिसाद नाही’ असे शेरे, गुंगीच्या औषधांच्या वेळा सापडतात. त्या मृत्युपत्राच्या तारखेशी ताडून बघा.

मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा असतं, वकिलामार्फत ते प्रत्यक्ष तपासा. प्रत्येक पानावर सही आहे का, शेवटच्या पानाचा टाइप आणि कागद वेगळा आहे का, सहीसाठी मजकूर दाटून बसवलाय का. तुलनेसाठी त्याच काळातले चेक आणि बँकेतली नमुना सही मिळवा. वीस वर्षांपूर्वीची सही फारशी कामाची नाही.

नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला हयात असलेला किमान एक तपासावाच लागतो. मसुदा कोणी करून घेतला, वडिलांना वाचून दाखवला का, साक्षीदारांना कोणी बोलावलं, ही उलटतपासणी फार मोलाची. लाभार्थ्यानेच सगळी धावपळ केली असेल, तर तो शंका वाढवणारा मुद्दा ठरतो. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून अशा शंका दूर करण्याचा भार मृत्युपत्र मांडणाऱ्यावर आहे. दबाव वा फसवणूक मात्र तुम्हालाच सिद्ध करावी लागेल. नुसतं ‘मुलीला वगळलं’ हे कारण पुरत नाही.

प्रश्नकर्ती:
प्रोबेटची सक्ती आता उरली नाही असं ऐकलं. मग?

प्रतिसाद १:
बरोबर, २०२५ च्या दुरुस्तीने भारतीय वारसा कायद्यातलं सक्तीचं कलम २१३ वगळलं गेलं. म्हणून तर जास्त जपा. भाऊ अर्ज मागे घेऊन थेट सोसायटीकडे जाऊ शकतो. सोसायटीला वादाची लेखी सूचना देऊन पोच घ्या आणि फ्लॅट विकायला मनाईसाठीचा अर्ज वकिलांकडून आत्ताच तयार करून ठेवा.