अनुभव धागा: पाहुणा, पंगत, पाया पडणं – तुमच्या घरात कोणत्या रीती उरल्या, कोणत्या सुटल्या?

पाहुण्याला आधी पाणी, मग कामाचं बोलणं. जेवणाऱ्याचं पान ओलांडायचं नाही. मोठ्यांकडे पाय करून बसायचं नाही. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. या गोष्टी आपल्याला कुणी बसवून शिकवल्या नाहीत, घरात बघून अंगवळणी पडल्या.

पण आता नाशिकमधलं ‘घर’ एका प्रकारचं राहिलेलं नाही. जुन्या नाशकातले वाडे पडून इमारती झाल्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागे धुळे-जळगावकडची कुटुंबं सिडकोत स्थिरावली. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींत एका मजल्यावर चार गावच्या चार रीती नांदतात. माझ्या मुलीने अलीकडे विचारलं की यातलं तिने नेमकं काय पुढे न्यायचं. उत्तर द्यायला मला वेळ लागला.

माझं मत आधीच सांगते. ज्या रीतीत मान देणारा स्वतः थोडी झीज सोसतो, ती टिकावी. ज्या रीतीत एकाच माणसाने कायम मागे उभं राहायचं असतं, ती कितीही जुनी असली तरी सोडावी. आता तुम्ही लिहा. नुसती मतं नकोत, घरात प्रत्यक्ष काय घडलं ते हवंय. नावं देऊ नका, गाव-भाग आणि कामधंदा सांगितलात तरी पुरे.

जुने नाशिक, निवृत्त शिक्षिका

मी वाड्यात वाढले, त्यामुळे पंगतीबद्दल लिहिते. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधे वरण-भात. डावीकडचं जिभेला चव आणण्यापुरतं, उजवीकडचं पोटभर. पण खरा संस्कार दुसऱ्याच गोष्टीत होता. शेवटच्या पानावर भात पडून तूप वाढलं जाईपर्यंत पहिल्या पानावरच्याने हात लावायचा नाही, आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. सावकाश जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यामुळे कधी ओशाळं वाटायचं नाही. लहान मुलं चुळबुळ करायची, पण बसून राहायची.

याच पंगतीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका. गौरी जेवणाच्या दिवशी पहाटेपासून राबलेल्या माझ्या आईच्या वाट्याला दुपारी उशिरा गार पुरणपोळी यायची. अळूची भाजी तर बहुतेकदा संपलेली असायची. तिने तक्रार केली नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आमच्याकडे आता गौरीला एकच पंगत बसते, बायका-पुरुष एकत्र. वाढायला माझे दोन पुतणे आणि जावई असतात. पहिल्या वर्षी दिरांना ते पटलं नव्हतं, ते गप्प बसून जेवले. दुसऱ्या वर्षी स्वतःच तुपाची वाटी घेऊन उठले. शेवटच्या पानाची वाट बघण्याचा नियम मात्र तसाच ठेवला आहे आणि तो मी मोडू देणार नाही.

दिंडोरी तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडं गोडी छाटणीपासून (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) माल निघेपर्यंत पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या कामाला असतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं, सगळं त्यांच्या हातावर. माझ्या आजीच्या काळात मजुरांचे कप वेगळे. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथं ते पालथे घातलेले असायचे. चहा वरून ओतायचा आणि कप ज्याचा त्याने धुऊन ठेवायचा. याला आमच्या घरात ‘रीत’ म्हणायचे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड आमच्याच तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढची जवळपास पाच वर्षं तो इथं चालवण्यात दादासाहेब आघाडीवर होते. त्याला नव्वदपेक्षा जास्त वर्षं झाली. तरी कोनाडे बऱ्याच मळ्यांत उरले. देवळाचं दार उघडलं तरी स्वयंपाकघराचं उघडायला वेळ लागतो, असं मला वाटतं.

आमचा कोनाडा माझ्या बायकोनं बंद केला. लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत स्टीलचे एकसारखे कप आणले, घरात तेच, बागेत तेच. आजी तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. बायको मात्र रोज तिचा चहा वेळेवर देत राहिली, त्याच कपात.

ठेवण्यासारखी एक रीतही आमच्या घरात होती, ती आजोबांची. बागेत चहा आला की आधी टोळीला, मालकाला शेवटी. माल भरायला गाडी आली की ड्रायव्हर जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, रात्रीचे अकरा वाजले तरी. हे मी आजही पाळतो. पोरालाही सांगितलंय.

सिडको, परिचारिका (सासर शिंदखेडा तालुका)

आमच्या खान्देशात सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही. मी लग्नानंतर हे पाळलं. रात्रपाळी करून यायचे, पाय दुखत असायचे, तरी सासरे हॉलमध्ये असले की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा प्यायचे.

मग सासऱ्यांना साखरेचा त्रास वाढला आणि इन्शुलिन सुरू झालं. इंजेक्शन रोज मीच द्यायचे. पदर सावरत सुई टोचता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच म्हणाले, “बेटा, तू समोर बस. मला कळू दे काय करतेस ते.” त्यानंतर मी त्यांच्यासमोर बसायला लागले. सासूबाईंना जड गेलं, पण त्यांनी अडवलं नाही.

गावी आजेसासूबाई आहेत, नव्वदीच्या आसपास. त्यांच्यासमोर मी अजूनही पदर घेते. त्यांना बरं वाटतं आणि मलाही त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. माझ्या जावेची मुलगी मात्र घेणार नाही, आणि तिला कुणी बोललं तर मी मधे पडणार आहे.

भद्रकाली, गृहिणी

आमच्या गल्लीत ईदला शीरखुर्म्याचे डबे जातात आणि दिवाळीला चकल्या-करंज्यांचे येतात. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही माझ्या अम्मीची शिकवण, आणि समोरच्या वहिनींच्या आईचीही तीच. काही नसलं तर साखर घालून द्यायची.

आता बऱ्याच जणी नोकरी करतात. डबा भरून द्यायला वेळ नाही म्हणून तो महिना-महिना घरात पडून राहतो, मग देणारी आणि घेणारी दोघी संकोचतात. समोरच्या वहिनींनी यावर चांगला तोडगा काढला. डबा देतानाच म्हणतात, “संध्याकाळी नेते हं, असाच द्या.” आमचं येणं-जाणं त्यामुळे वाढलं. पण मी मनापासून सांगते, मला अजून रिकामा डबा हातात देववत नाही.

गंगापूर रोड, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी

वरच्या सगळ्या अनुभवांत न आलेली एक गोष्ट लिहितो. न कळवता घरी येणं.

आमच्या आजोबांच्या मते फोन करून येतो तो परका. आपल्या माणसाने केव्हाही यावं, जे असेल ते खावं. माझं काम घरूनच चालतं, पत्नीचंही. दुपारी साडेतीनला बेल वाजते, मी परदेशातल्या ग्राहकाशी मीटिंगमध्ये असतो आणि दारात काका-काकू उभे. त्यांना बसवून पुन्हा कानात हेडफोन घालावा लागतो, ते मला टोचतं आणि त्यांना तर जास्तच. एकदा तर माझ्या मामी पाणी पिऊन दहा मिनिटांत निघून गेल्या. नंतर आईकडे म्हणाल्या, “पोरं मोठी झाली, आता अपॉइंटमेंट घ्यावी लागते.”

माझं म्हणणं असं की फोन करून येणं हीसुद्धा रीतच आहे, आमच्या पिढीची. समोरच्याचा वेळ त्याचा आहे हे मान्य करणं यात आपलेपणा कमी होत नाही. हे मी मामींना समजावून सांगितलं. त्यांना पूर्ण पटलं नाही. आता मीच दर रविवारी सकाळी त्यांना फोन करून ‘आज या’ म्हणतो, आणि त्या येतात.

लग्नपत्रिकेच्या बाबतीत मात्र मी आजोबांच्या बाजूचा आहे. माझ्या लग्नाची पत्रिका मी सगळ्यांना मोबाईलवर पाठवली होती. आजोबांनी हट्टाने वयस्क नातेवाइकांची वेगळी यादी केली आणि मला स्कूटरवर मागे बसवून देवळाली कॅम्पपासून मखमलाबादपर्यंत फिरवलं. हातात अक्षता ठेवून ‘यायचं हं’ म्हटल्यावर त्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यात जो फरक पडायचा, तो मी पाहिला. त्यातल्या दोघांना नीट दिसतही नव्हतं. मोबाईलवरची पत्रिका त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नसती.

पंचवटी, रिक्षाचालक

थोडक्यात सांगतो. रामकुंडावर दशक्रियेला आलेली माणसं असोत की काळारामाच्या दर्शनाला आलेली, ‘दादा’, ‘मामा’ म्हणून बोलणारी अजून पुष्कळ आहेत. ‘ए रिक्षा’ म्हणणारी वाढली आहेत. रिक्षाला हाक मारली तरी ऐकणारा माणूसच असतो. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक येतील. त्यांना पत्ता नीट सांगणं, चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला जागेवर पोहोचवणं हे आम्ही करतो आणि करणार.

नाशिकरोड, बँक कर्मचारी

वडील गेले तेव्हाच्या दोन रीती सांगतो. एकीने आम्हाला सावरलं आणि एकीने आईला मोडलं.

दुखवट्याच्या घरात चूल पेटवायची नाही. पहिल्या दिवशी शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली, मग नातेवाइकांचे डबे. आमच्याकडे याला ‘कडू घास’ म्हणतात. कुणी जेवायचा आग्रह केला नाही, पण कुणी उपाशीही राहू दिलं नाही. भेटायला येणारा माणूस पाच मिनिटं नुसता बसून उठायचा. बोलायचं काय हा प्रश्नच नव्हता, बसणं पुरेसं होतं. हल्ली लोक मेसेज टाकून मोकळे होतात. माझं त्यांना सांगणं आहे, शक्य असेल तर जाऊन बसा.

दुसरी रीत तुम्हाला माहीत आहे. आईचं कुंकू, बांगड्या, जोडवी. ते मी थांबवू शकलो नाही, कारण घरातल्या मोठ्या बायकांनी मला खोलीबाहेर ठेवलं होतं. त्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईला बोलावणं येणं बंद झालं. ज्या बायकांच्या मुलींची बाळंतपणं तिने काढली होती, त्यांच्याकडूनही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. माझ्या बहिणीने ती बातमी कापून ठेवली आणि पुढच्या संक्रांतीला आपल्या घरी हळदीकुंकू ठेवलं. आमंत्रण देतानाच तिने सांगितलं की माझी आई असणार आहे आणि तिलाही कुंकू लावलं जाणार आहे. काही जणी आल्या नाहीत. आल्या त्यांतल्या सगळ्यात वयस्क आजींनी आईला पहिलं बोट लावलं. आई आधी नको म्हणत होती. आता दरवर्षी वाणाला काय आणायचं हे तीच ठरवते.

ओझर, विमान कारखान्यातून निवृत्त

पाया पडण्याबद्दल. माझी नात सहा वर्षांची आहे. घरी कुणीही आलं की ‘पाया पड, पापी दे’ असं तिला सांगितलं जायचं. ती आईच्या मागे लपायची आणि मग ‘काय ही मुलगी’ असं ऐकायची. तिला शाळेत नको असलेला स्पर्श नाकारायला शिकवतात, आणि घरी आपण तिला उलटं शिकवत होतो.

मी घरात सांगून टाकलं की नातीने हात जोडून नमस्कार करायचा. जवळ जायचं की नाही ते ती ठरवेल. एक जवळचे नातेवाईक यावरून दुखावले. त्यांना मी शांतपणे समजावलं, पण नियम बदलला नाही. मी स्वतः अजूनही माझ्या थोरल्या वहिनींच्या पाया पडतो. आई लवकर गेली, मला त्यांनी वाढवलं. तो नमस्कार मला कुणी सांगितलेला नाही.

म्हसरूळ, प्राध्यापिका

माझं लग्न अलीकडेच झालं, म्हणून मानपानाबद्दल. व्याह्यांची भेट, टॉवेल-टोपी, नारळ हे मला हवं होतं. दोन घरांतली माणसं एकमेकांना मिठी मारतात, यात वाईट काही नाही. आम्ही फक्त ते दोन्ही बाजूंनी सारखं केलं. त्यांनी आमच्यांना दिलं, आम्ही त्यांच्यांना. दोन्हीकडच्या आयांचीही भेट घडवली.

वडिलांनी जावयाचे पाय धुवायचे, हे मला नको होतं. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात हे एक कारण, पण गुडघे ठणठणीत असते तरी नकोच होतं. नवऱ्यालाही ते अवघड वाटत होतं. त्याच्या आजी म्हणाल्या, विधी अपुरा राहील. गुरुजींशी बोललो. त्यांनी सांगितलं की पाय न धुता, हातावर पाणी देऊन स्वागत करू, बाकीचे विधी नेहमीसारखे होतील. आजींनी गुरुजींना दोनदा विचारून खात्री केली आणि मग त्याही तयार झाल्या.

ज्यांची लग्नं ठरत आहेत त्यांना एवढंच सांगते की हे सगळं याद्या करतानाच बोलून घ्या, आणि दोन्ही घरांतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्या बैठकीत बसवा. मांडवात हा विषय काढलात तर कुणीच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.