फवारणीची विषबाधा जुन्या नोंदींमधून वेगळी कशी काढायची? मदत हवी आहे

यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेनंतर नोंदी सुधारल्या का, हे एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) प्रबंधासाठी तपासतोय. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाची २०१५ ते २०१९ ची आयपीडी (भरती रुग्णांची) रजिस्टरं हातात आहेत. नैतिक समितीची परवानगी मिळाली आहे, नावं काढून टाकली आहेत, त्यामुळे रुग्णांना फोन करून विचारणं शक्य नाही.

अडचण अशी, की बहुतेक ठिकाणी निदानाच्या रकान्यात नुसतं 'पॉयझनिंग' किंवा 'ओपी' (ऑर्गनोफॉस्फेट, कीटकनाशकांचा एक गट) एवढंच. फवारताना अंगावर उडालं की मुद्दाम प्यायलं, कळत नाही. आयसीडी-१० (आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) मध्ये कीटकनाशकाच्या अपघाती विषबाधेला एक्स४८ आणि ते स्वतःहून घेतल्यास एक्स६८ असे वेगळे कोड आहेत, पण इथं कोड कुणी टाकलेच नाहीत. एका पानावर मात्र कुण्या सिस्टरने समासात 'पंप पाठीवर गळला' असं लिहून ठेवलंय. असं सगळीकडे असतं तर!

महिन्यावरून गाळून पाहिलं, पण जुलै ते नोव्हेंबरमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद दोन्हींत आहे. आता केसपेपरवरची 'पोट धुतलं' ही नोंद प्यायल्याची खूण धरतोय, पण काही डॉक्टर खबरदारी म्हणून सरसकटच धुतात अशी शंका आहे. कोलिनेस्टरेजची (ओपी विषाचा परिणाम दाखवणारी रक्ताची) तपासणी इथं होत नव्हती.

अशा नोंदींवर काम केलेल्यांनी सांगावं: अॅट्रोपिनचा (ओपी विषावरचं औषध) एकूण डोस, भरतीचे दिवस आणि आणताना लिहिलेली तक्रार यांतलं काय जास्त भरवशाचं, आणि 'माहीत नाही' असा तिसरा गट ठेवला तर परीक्षक मान्य करतात का?