मालक बदलले, पण गाडीत ते सगळे शिल्लक असतात

'क्रायस्लरचे इतके मालक बदलले, आता जुन्या जीपला पार्ट कोण देणार?' असा प्रश्न विचारला जातो, त्यावर थोडी भर.

मालक बदलतो, इंजिन मात्र लगेच बदलत नाही. १९८७ मध्ये क्रायस्लर या अमेरिकी कंपनीने एएमसी (अमेरिकन मोटर्स, तेव्हाची जीपची मालक) घेतली ती मुख्यतः जीपसाठी. पण एएमसीचं ४ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन त्यानंतरही २००६ पर्यंत चालू राहिलं. त्याचे पार्ट अमेरिकेत आजही ढिगाने मिळतात.

खरी गोची १९९८ ते २००७ च्या काळातल्या गाड्यांची, जेव्हा क्रायस्लर मर्सिडीजवाल्या डाइमलरकडे होती. काही मॉडेलमध्ये मर्सिडीजचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याच्या वायरिंगच्या प्लगचं सील गेलं की तेल वायरींमधून थेट कंट्रोल युनिटपर्यंत (गिअरबॉक्स चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीपर्यंत) चढतं. प्लग स्वस्त आहे, युनिट नाही! त्यामुळे तिथे ओल दिसली की प्लग लगेच बदला, थांबू नका. तेलही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, 'सगळं एकच असतं' म्हणणाऱ्या मेकॅनिकला हात जोडा.

पुढचे मालक म्हणजे सर्बेरस ही गुंतवणूक कंपनी, २००९ च्या दिवाळखोरीनंतर फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस (फियाट-क्रायस्लर आणि प्यूजोच्या विलीनीकरणातून झालेली कंपनी). आपल्याकडे रांजणगावला बनणाऱ्या जीप कंपासचं २ लिटर डिझेल फियाटचंच, आणि टाटा हॅरिअरमध्येही त्याच घराण्यातलं. म्हणजे हे इंजिन ओळखणारे हात इथे भरपूर आहेत. फक्त त्याला टायमिंग चेन (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी) नाही, बेल्ट आहे, आणि तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. जुनी गाडी घेणार असाल तर बेल्ट कधी बदलला याचं बिल आधी मागा.