दुनाळी बारा बोअरचा धक्का: आधी काडतूस बदलावे, पॅड लावावा की दस्ता?

बारा_सत्तर:
शेजारी-शेजारी नळ्यांची बारा बोअर, ७० मिमी चेंबर (काडतूस बसते ती जागा), नळ्या ७१ सेंमी, वजन २.९ किलो. काडतुसे ३६ ग्रॅम छर्ऱ्यांची, डब्यावर वेग ४०० मीटर प्रतिसेकंद. दस्त्याला ४ मिमीची कडक प्लास्टिक पट्टी. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत ३५० मिमी, उतार (नळ्यांच्या रेषेपासून दस्ता किती खाली आहे ते) पुढे ४० आणि टाचेशी, म्हणजे दस्त्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्याशी, ७५ मिमी. तक्रारी तीन: गालफडाला फटका, खांद्यावर वळ, आणि नळी इतकी उचलली जाते की दुसऱ्या बाराला नेम पुन्हा शोधावा लागतो. दस्त्यात पाऱ्याची नळी बसवावी, नळीच्या तोंडाशी भोकं पाडून घ्यावीत की जाड पॅड लावावा? खर्च एकाच गोष्टीवर करायचा आहे.

गोळाबेरीज:
तिन्हींच्या आधी काडतूस बदला, त्याला वेगळा खर्चच नाही. हिशोब सोपा आहे. छर्रे आणि वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला प्लास्टिकचा कप) यांचे वजन गुणिले वेग, त्यात दारूचे वजन गुणिले त्या वेगाची दीडपट. हा झाला बंदुकीला मागे ढकलणारा संवेग. त्याचा वर्ग करून बंदुकीच्या वजनाच्या दुपटीने भागले की धक्क्याची ऊर्जा मिळते. (वजने किलोत घ्या.) वॅड ३ ग्रॅम आणि दारू २ ग्रॅमच्या आसपास धरली तर तुमचा आकडा ४९ जूल येतो. त्याच बंदुकीत, त्याच वेगाने २८ ग्रॅम घातले की ३२ जूल. वेगही ३७० वर आणला तर २७ च्या आसपास.

आता पाऱ्याची नळी. ती मुख्यतः वजन म्हणून काम करते. ३०० ग्रॅम वाढवून ४९ चे ४४ होतात, आणि सगळे वजन मागे गेल्याने बंदुकीची नळी हलकी होऊन इकडेतिकडे भटकते ते वेगळेच. भोकांचा नाद सोडा. छर्ऱ्याच्या बंदुकीत नळीच्या तोंडाशी दाब रायफलीपेक्षा फार कमी असतो, त्यामुळे मिळते थोडे. आवाज मात्र बाजूच्या माणसाच्या कानावर आदळतो आणि भोकांत वॅडचे प्लास्टिक साचते.

ग्रीनर या इंग्लिश बंदूककाराचा जुना नियम असा की बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट हवे. ३६ ग्रॅमला जवळपास साडेतीन किलो लागतात; तुमची २.९ किलो म्हणजे ३० ग्रॅमची बंदूक झाली.

छर्रे २२ टक्क्यांनी कमी झाले की विखुरणीही विरळ होणार. ३५ मीटरवर कागद लावा, ७५ सेंमीच्या वर्तुळात किती बसतात ते दोन्ही नळ्यांचे वेगवेगळे मोजा. ज्या अंतरावर विरळ जागा दिसायला लागतात, त्याच्या अलीकडेच बार काढायचा.

रंधा:
वरचे सगळे मान्य, पण गालाचा फटका निव्वळ काडतुसाने जाणार नाही. टाचेशी ७५ मिमी उतार फार आहे. नळी खांद्याच्या जितकी वर, तितकी बंदूक टाचेभोवती फिरते: तोंड वर जाते आणि दस्त्याची कड गालात घुसते. ५५ ते ६० मिमी बहुतेकांना बरा पडतो.

अजून एक माप हवे. बंदूक रिकामी आहे हे दोन्ही नळ्यांतून आरपार बघून खात्री करा. दस्ता जमिनीवर सपाट टेकवून बंदूक भिंतीशी अशी उभी करा की नळ्यांचा मागचा, चेंबरकडचा भाग भिंतीला टेकेल. नळीचे तोंड भिंतीपासून किती लांब राहते?

बारा_सत्तर:
९५ मिमी. आणि वीस बोअर (बारापेक्षा बारीक नळीची) घेतली तर हे सगळे प्रश्न सुटतात का?

गोळाबेरीज:
बोअरचा धक्क्याशी थेट संबंध नाही. २.७ किलोच्या वीस बोअरमधून २८ ग्रॅम सोडले तर ३४ जूल, म्हणजे तुमच्या बारा बोअरमधल्या २८ ग्रॅमपेक्षा जास्तच. वीस बोअर सौम्य लागते ती २४ ग्रॅम घातल्यावर.

रंधा:
९५ जास्त आहे. साधारण ५० असावे. तुमच्या दस्त्याची टाच लांब आणि खालचे टोक आखूड आहे, त्यामुळे धक्क्यात दस्ता खांद्यावरून वर सरकतो. म्हणजे गालावर दुहेरी मार. (उलट चूक असती, तर खालचे टोक छातीत रुतले असते.)

खर्च एकच करायचा तर पॅडवर करा, पण नुसता चिकटवू नका. सध्या ३५० मिमी आहे, समजा ३६२ हवे. पॅड २५ मिमीचा, पट्टी ४ ची निघणार. म्हणजे मध्यावर ९ मिमी लाकूड कापायचे. टाचेकडे १३ आणि खालच्या टोकाकडे ५ कापलेत तर भिंतीचे ९५ माप ५० च्या आसपास येईल. आधी कातडी टोपी चढवून किंवा पुठ्ठ्याचे तुकडे पट्टीखाली घालून लांबी आणि कोन पारखून घ्या. रिकाम्या बंदुकीने, शिकारीला घालता त्याच जाड कपड्यांवर. कापलेले लाकूड परत येत नाही. कापताना रेषेवर कागदी चिकटपट्टी, बारीक दात्यांची करवत, आणि आतल्या पोकळीचा व बोल्टचा अंदाज आधी. स्क्रूला मेण लावा, नाहीतर लाकूड चिरते. पॅडची टाच थोडी गोल घासून गुळगुळीत करा. मऊ रबर बाहीला अडकते आणि दस्ता खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर बसतो. वळ बहुधा तिथलेच आहेत.

उतारासाठी गालाच्या जागी मागे जाड, पुढे पातळ अशी फोमची पट्टी चिकटवून बघा. डोळा म्हणजे मागची माशी (नेम धरायची खूण). तो ३ मिमी वर आला की ३५ मीटरवर बार साधारण १२ सेंमी वर जातो, म्हणून पुन्हा कागदावर तपासा. पसंत पडले तर दस्ता तापवून वाकवून घेता येतो, मात्र दस्त्याच्या मनगटाजवळ (मुठीत धरायच्या बारीक भागाजवळ) रेषा तिरकी असलेले लाकूड त्यात तडकते.

माशीवर_नजर:
एक राहिले. दस्ता आधी गालाला, मग खांद्याला; वजन पुढच्या पायावर, आणि दोन्ही हातांनी बंदूक हलकेच मागे ओढलेली. सैल धरली तर धक्का खांद्यापर्यंत वेग घेऊन येतो. मधल्या बोटाला चापाची कडी लागत असेल तर मूठ ५-६ मिमी मागे घ्या.

हे सगळे करूनही नेम चुकत असेल तर दुसऱ्याकडून भरून घ्या: कधी खरे काडतूस, कधी डमी, तुम्हाला न सांगता. डमीवर चाप ओढताना तोंड खाली गेले तर धक्क्याची भीती अंगात बसली आहे, आणि ती बऱ्याचदा आवाजाची असते. कानात बोळे आणि वर मफ असे दोन्ही घालून, २४ ग्रॅमवर काही दिवस काढा.