लेकरांना नशेपासून लांब ठेवताना: मराठवाड्यातले तुमचे अनुभव

गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी आठवीतल्या पोराच्या खिशात पुडी सापडतेच. एकट्या शाळेनं किंवा एकट्या पोलिसानं हे थांबणारं नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या गावात, गल्लीत चारचौघांनी मिळून काय केलं, काय फसलं, ते लिहा.

शिक्षिका, परभणी जिल्हा
तंबाखूमुक्त शाळेसाठी आवारापासून 100 यार्डांवर पिवळी रेघ आखायची असते. आखली, तर टपरी रेघेच्या आत! टपरीवाले मामा आमच्याच विद्यार्थ्याचे चुलते. नोटिशीआधी व्यवस्थापन समितीतले पालक आणि सरपंचताई त्यांच्याकडे जाऊन बसल्या. वह्या, पेन, फुटाणे ठेवले तर काय सुटेल, याचा हिशोब मांडला. मामा म्हणाले, "आधी तुमच्या मास्तरांची उधारी बंद करा." खरंच होतं ते. पुढची अख्खी बैठक त्यावरच गेली, आणि बरं झालं गेली. आता टपरीवरच्या पुड्यांच्या माळा उतरल्यात, पण मोठी पोरं बसस्टँडवर जातात. तिथलं काय करावं?

औषध दुकानदार, छत्रपती संभाजीनगर
इकडे 'बटन' म्हणून विकतात त्या नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या. खाडाखोड केलेली चिठ्ठी दिसली, की आम्ही आसपासचे दुकानदार एकमेकांना फोन करतो. पोलिसांच्या आधी मोहल्ल्यातली एक ताई चिठ्ठी आणणाऱ्या पोराच्या घरी जाते. घरचे आधी तिच्याशीच भांडतात. मग 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर तीच लावून देते.

तालमीतला, बीड जिल्हा
आई-बाप ऊसतोडीला गेले की लेकरं आज्जीपाशी, संध्याकाळ मोकळी. तरुण मंडळानं बंद पडलेली तालीम उघडली. ग्रामपंचायतीनं लाईट दिली, माती गावानं आणली. वस्तादांची एकच अट: तोंडात तंबाखू असंल तर मातीत पाय ठेवायचा नाही. आशाताई अधूनमधून दात तपासून जातात. दारू पिणारे दोघं अजून येत नाहीत, त्यांच्या मागं आहोत.

पालक, नांदेड
परभणीच्या ताई, 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्यानं रेघेबाहेरही गुन्हाच आहे. आम्ही बसस्टँडच्या टपऱ्यांवर तसे फलक लावून घेतले आणि शाळा सुटायच्या वेळी पालक आळीपाळीनं तिथं उभे राहतो.